स्नान आणि कामकऱ्याची दिनचर्या



आपल्या भाषेत 'पारोसा' असा एक शब्द आहे. ज्याची आंघोळ अजून व्हायची आहे तो पारोसा. पारोशाने चुलीला शिवू नये, देवघरात पाऊल टाकू नये, अशी घरोघर शिस्त होती आणि पुष्कळ घरांत ती आजही आहे. आता आपल्या शेलूतल्याच दोन माणसांची कल्पना करा. एक मुलगा खोपोलीच्या बाजूला भट्टीवर रात्रपाळी करतो आणि सकाळी कर्जतला गाडी बदलून घरी येतो. काल संध्याकाळी निघताना त्याने आंघोळ केली होती. त्यानंतर आठ तास तो धगीपुढे उभा होता. दुसरे गृहस्थ मुंबईला नोकरीस आहेत. पहाटे चारला उठतात, दोन तांबे पाणी अंगावर ओततात, आणि अंग पुरते कोरडे होण्याआधी फलाटावर उभे राहतात. रूढीच्या हिशेबी गृहस्थांचा आजचा दिवस शुद्ध झाला. मुलाने आधी निजावे की आधी जेवावे की आधी न्हावे, ह्याविषयी तिला काही सांगायचे नाही, कारण तिचे घड्याळ सूर्याचे आहे. जुन्या वैद्यांचे घड्याळ वेगळे होते. ते घड्याळ कोणते, आणि ते आपल्या कामकऱ्याच्या दिवसाला कसे लागू पडते, हा आजचा विषय.

कामगार संघटनेच्या माणसाने आंघोळीवर बोलावे ह्याचे काहींना नवल वाटेल. मी वैद्य नाही, पंडित तर नाहीच. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. गणेश कृष्ण गर्दे यांचे 'सार्थ वाग्भट' हे जाडजूड पुस्तक मी वाचनालयातून आणले ते एका सहकाऱ्याच्या पाठदुखीवर काही तेल सापडते का हे पाहण्यासाठी. तेल सापडण्याआधी दिनचर्येचा अध्याय सापडला, आणि तो वाचताना मला आमच्या मागणीपत्रातले एक कलम आठवत राहिले. त्याविषयी पुढे सांगेनच.

वाग्भटाचा 'अष्टांगहृदय' हा ग्रंथ सातव्या शतकाच्या आसपासचा मानतात. मुंबईचे डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० साली तो छापून प्रसिद्ध केला, तेव्हापासून तो आपल्याकडे सहज हाती येऊ लागला. त्याच्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय दिनचर्येचा. माणसाने केव्हा उठावे, दात कशाने घासावेत, डोळ्यांत काय घालावे, अंगाला तेल कसे लावावे, व्यायाम किती करावा, आणि मग स्नान, अशी ती ओळ आहे. वाग्भटापूर्वीच्या चरकाने हाच विषय सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात घेतला आहे, तर सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात. तिघांचे शब्द निराळे, पण स्नानाविषयीचे म्हणणे बहुतेक एकच.

ह्या क्रमाकडे नीट पाहिले पाहिजे, कारण सगळे मर्म त्यातच आहे. आधी अभ्यंग, म्हणजे तेल लावणे. मग व्यायाम, तोही अर्ध्या शक्तीने. सगळी शक्ती संपेपर्यंत नव्हे. मग उद्वर्तन, म्हणजे पिठाने किंवा चूर्णाने अंग चोळणे. आपले दिवाळीचे उटणे ते हेच. त्यानंतर स्नान. आणि जेवण केव्हा, तर आधीचे अन्न पचल्यावर. म्हणजे वैद्यांच्या लेखी स्नान ही दिवसाच्या आरंभीची सलामी नव्हे. श्रम आणि जेवण ह्यांच्यामध्ये बांधलेला तो एक पूल आहे. पहाटे ब्राह्ममुहूर्तावर उठावे हे ते सांगतात, आणि ते निरोगी माणसाला सांगतात. परंतु स्नानाची वेळ त्यांनी सूर्यावरून बांधलेली नाही. ती घाम, थकवा आणि भूक ह्यांच्यावरून बांधली आहे.

स्नानाने काय होते? वाग्भट सांगतो त्याचा भावार्थ असा: जठराग्नी प्रदीप्त होतो, बल आणि उत्साह वाढतो, आयुष्य वाढते, खाज, मळ, श्रम, घाम, झापड, तहान, अंगाची आग जाते. यादीच्या शेवटी पापही जाते असे म्हटले आहे; ते मी लपवीत नाही. परंतु यादीतल्या इतर गोष्टी पाहा. खाज, मळ, थकवा, घाम, झापड, तहान, आग. पाळी संपवून कारखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या माणसाचे याहून नेमके वर्णन मी तरी वाचलेले नाही. चरकाने तर श्रम, स्वेद आणि मल हे तीनच शब्द एकत्र बांधले आहेत, आणि लगेच पुढे स्वच्छ वस्त्र नेसण्याचे गुण सांगितले आहेत. घामट कपडा पुन्हा अंगावर चढवायचा असेल तर अर्धी आंघोळ फुकट गेली, हे त्याला ठाऊक होते.

आता निषेध. आंघोळ कोणी करू नये? तोंड वाकडे होण्याचा वातविकार झालेल्याने, डोळ्यांचे, तोंडाचे, कानाचे दुखणे असलेल्याने, अतिसार झालेल्याने, पोट फुगलेल्याने, सर्दी-पडशाने बेजार झालेल्याने, अजीर्ण झालेल्याने, आणि नुकतेच जेवलेल्याने. सुश्रुत ह्यात तापकऱ्याची भर घालतो. ह्या यादीत कुठेही जात नाही, तिथी नाही, ग्रहण नाही. सगळे निषेध शरीराच्या अवस्थेवरून काढलेले आहेत.

पाण्याविषयीचा नियम तर आपल्या घराघरांत जिवंत आहे, फक्त तो ग्रंथातला आहे हे आपण विसरलो. ऊन पाणी खांद्याखालच्या अंगाला बळ देते. तेच डोक्यावर घेतले तर केसांचे आणि डोळ्यांचे बळ हिरावते, असे वाग्भट म्हणतो. आपल्या आया-आज्या रोज 'खांद्यावरून आंघोळ' करीत आणि ठरलेल्या वारी 'न्हात' असत. आंघोळ आणि न्हाणे हे दोन शब्द मराठीने वेगळे ठेवले आहेत ते उगीच नव्हे. न्हाण्याच्या दिवशी शिकेकाई, रिठे, आवळकाठी उकळायची, आणि डोक्यावर घ्यायचे पाणी विसण घालून कोमट करायचे. बंबातले कढत पाणी सरळ टाळूवर ओतणारा माणूस माझ्या लहानपणी घरोघर शिव्या खात असे. थंडीत अगदी गार पाणी कफ-वात वाढवते आणि उन्हाळ्यात अति कढत पाणी पित्त व रक्त बिघडवते, हे सुश्रुताचे सांगणे. म्हणजे ऋतू पाहून पाणी निवडावे. आमच्याकडे काही मंडळी बारा महिने गार पाण्याने न्हाण्याची प्रौढी मिरवतात. त्यांच्या निग्रहाला माझा नमस्कार, पण त्या निग्रहाला वैद्यकाचा आधार मागू नये.

हे सगळे आजच्या ज्ञानाला पटते का, हा प्रश्न येथे बसलेल्या तरुणांच्या मनात आला असेल, आणि तो यायलाच हवा. जठराग्नी, कफ, वात ही त्या काळची मांडणी आहे; आजचा शरीरशास्त्रज्ञ ती भाषा बोलत नाही. पण निरीक्षण आणि उपपत्ती ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जेवणानंतर आंघोळ करू नये, हे निरीक्षण घ्या. जेवल्यावर पोटाकडे रक्ताचा ओघ वाढतो. त्याच वेळी ऊन पाणी अंगावर घेतले तर कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. वयस्क माणसाला भोवळ येऊ शकते. ऊन पाण्याने झोप चांगली लागते, हाही अनुभव आता मोजला गेला आहे. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले. निजण्याच्या एक-दोन तास आधी सुमारे ४० ते ४२.५ अंश उष्णतेच्या पाण्याने स्नान केले तर झोप सरासरीने दहा मिनिटे लवकर लागते, असे त्यांना आढळले. ऊन पाण्याने हातापायांकडे रक्त येते, तेथून शरीर आपली उष्णता बाहेर टाकते, आतले तापमान उतरते, आणि तापमान उतरणे हीच झोपेची नांदी असते.

सगळेच मात्र पटणारे नाही. उन्हातून किंवा श्रमातून आलेल्या माणसाने एकदम गार पाणी अंगावर घेतले तर त्वचेचे रोग होतात, असे चरकाने कुष्ठाच्या कारणांत लिहिले आहे. आजचे वैद्यक हे कारण मानीत नाही. भट्टीवरून आल्यावर घडीभर बसावे, घाम मुरू द्यावा, मग पाणी घ्यावे, ही चाल चांगलीच आहे. तापलेल्या अंगावर अचानक बर्फासारखे पाणी पडले की छातीत दचका बसतो आणि रक्तदाब एकदम चढतो. परंतु उष्माघाताने माणूस कोसळला असेल, बरळत असेल, अंग चटके देत असेल, तर तेथे घडीभर थांबायचे नाही. त्याला सावलीत घ्यायचे, कपडे सैल करायचे, मिळेल त्या गार पाण्याने भिजवायचे, वारा घालायचा आणि इस्पितळ गाठायचे. चरकाचे नाव घेऊन कोणी तेथे आडवा आला तर त्याला बाजूला सारा.

आता स्नानाच्या दुसऱ्या अर्थाकडे वळू. आपल्या देशात स्नानाचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहिले. एक आरोग्याचा, दुसरा सोवळ्या-ओवळ्याचा. पहिल्यात मळ म्हणजे मळ. दुसऱ्यात मळ म्हणजे दुसरा माणूस. ह्या दुसऱ्या प्रवाहाने काय केले ते आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी पाणी घेतले. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ सालीच संमत केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचे कागदावर लिहिले होते. तरीही पाणी घेतल्यावर मारहाण झाली आणि मागाहून पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. गुराढोरांनी ज्या तळ्यात डुंबावे त्याला माणसाचा हात बाटवतो, असा तो हिशेब होता. तळ्याच्या हक्काचा उच्च न्यायालयातला निकाल १९३७ साली लागला. दहा वर्षे पाण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. मी हे येथे सांगतो ते अशासाठी की 'आपल्या संस्कृतीत रोज स्नानाला किती महत्त्व' असे अभिमानाने सांगणाऱ्या वक्त्याने, पाणी कोणाच्या हाती होते, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

आता कारखान्याकडे येतो. कामामुळे अंगावर बसलेला मळ रोज धुतला तर जीव वाचतो, हे जगाला प्रथम शिकवले ते धुराडी साफ करणाऱ्या मुलांनी. लंडनमध्ये लहान पोरांना उघड्या अंगाने चुलाण्यांच्या धुराड्यांत चढवीत. काजळी त्यांच्या अंगाच्या वळ्यांत साचून राही. मोठेपणी ह्या माणसांना वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट ह्या शस्त्रवैद्याने १७७५ साली लिहिले. धंद्यामुळे कर्करोग होतो ह्याची वैद्यकातली ही पहिली गाजलेली नोंद. ह्याची दखल डेन्मार्कमधल्या धुराडेवाल्यांच्या संघाने घेतली. आपल्या सभासदांनी रोज स्नान करावे, असे त्यांनी १७७८ साली ठरवले. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १८९२ साली, हेन्री बटलिन ह्या इंग्रज शल्यविशारदाने तुलना केली. इंग्लंडातल्या धुराडेवाल्यांत हा रोग ठाण मांडून होता. युरोपात जेथे अंग झाकणारे कपडे घालून काम करीत आणि रोज अंग धूत, तेथे तो विरळा होता. काजळीत कोणते द्रव्य घातक आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. ते विसाव्या शतकात कळले. पण धंदेवाल्यांच्या संघाला पाणी आणि साबण ह्यांचे मोल आधीच कळले होते. ही हकीकत मी जेव्हा जेव्हा आमच्या सभासदांना सांगतो तेव्हा हसणे थांबते. कारण आंघोळीचे कलम मागणीपत्रात घातले की पहिल्यांदा हसतात ते आपलेच लोक.

आणि मळ एकट्या कामगाराच्या अंगावर राहत नाही. तो कपड्यांतून घरी जातो. १९६५ साली लंडनमध्येच न्यूहाउस आणि थॉम्पसन ह्या दोघींनी दाखवून दिले की अस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग कधीही कारखान्यात पाऊल न ठेवलेल्या बायकांनाही झाला होता. त्या नवऱ्याचे कामाचे कपडे घरी धूत होत्या. शिशाच्या धुळीचेही तसेच. बापाच्या सदऱ्यातून ती लेकराच्या तोंडात जाते. म्हणून कारखान्यातली आंघोळ ही कामगाराची चैन नाही. ती त्याच्या घरच्या माणसांचे कुंपण आहे.

मघाशी म्हटलेले कलम हेच. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही मागणीपत्र दिले. पगार, बोनस, रजा यांच्या खाली अकराव्या क्रमांकावर न्हाणीघर होते. कायद्याने धुण्याची सोय होती, म्हणजे भिंतीला लागून तीन नळ होते, आणि प्रत्येक पाळीला माणसे होती शंभरावर. न्हाणीघर बांधायला व्यवस्थापन लवकर कबूल झाले. विटा-सिमेंटला त्यांची हरकत नव्हती. अडले ते वेळेवर. भोंगा झाल्यावर दहा मिनिटांत कंपनीची बस सुटे. बस चुकली की पुढचे नऊ किलोमीटर पायी किंवा सहा आसनी रिक्षाला खिशातून पैसे. मग त्या न्हाणीघरात जाणार कोण? पोरे अंगावरच्या रंगासकट बसमध्ये चढत, आणि बसमधली इतर माणसे त्यांच्यापासून सरकून बसत. शेवटी भांडण पगाराइतकेच त्या वीस मिनिटांवर झाले. आंघोळ कोणाच्या वेळात व्हायची, मालकाच्या की कामगाराच्या? वैद्यकाच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे: घाम ज्या कामाचा, स्नान त्या कामाचाच भाग. करारात मात्र आम्हाला दहा मिनिटे पाळीतली आणि दहा मिनिटे बस उशिरा सोडण्याची, असे अर्धे अर्धे मिळाले. पहिल्या पावसाळ्यातच नायट्याने खाजवणाऱ्यांची रांग कमी झाली, असे कारखान्याच्या मलमपट्टीवाल्याचे मत पडले. त्याने आकडे ठेवले नव्हते, म्हणून मी ते मत म्हणूनच सांगतो.

नायट्यावरून एक गोष्ट. गेली काही वर्षे आपल्या देशात नायटा-गजकर्ण फार चिवट झाले आहे, आणि दुकानातून न विचारता आणलेली मिश्र मलमे हे त्याचे एक कारण आहे. त्यांत स्टिरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, आणि बुरशी आत पसरत जाते. जांघेत, काखेत घाम साचू न देणे, आंघोळीनंतर अंग नीट टिपणे, कोरडा कपडा घालणे आणि टॉवेल वेगळा ठेवणे एवढे केले तरी अर्धे काम होते. उरलेले डॉक्टरांकडे.

कायद्याचे सांगतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ४२ होते: धुण्याची पुरेशी सोय, स्त्रियांची व पुरुषांची वेगळी, आडोशाची, स्वच्छ. कलम ४३ कपडे ठेवण्याचे आणि वाळवण्याचे. हा अधिनियम आता इतिहासजमा झाला. २०२० साली संसदेने संमत केलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. ह्या चार श्रमसंहितांशी आमच्या चळवळीचे भांडण आहे आणि ते राहील. परंतु न्यायाने बोलायचे तर तिच्या कलम २४ मध्ये धुण्याच्या सोयीबरोबर स्नानाची जागा आणि कपड्यांची कपाटे, स्त्री, पुरुष आणि तृतीयपंथी कामगारांसाठी वेगवेगळी, असे स्पष्ट शब्द आहेत. शब्द आयते मिळाले आहेत. त्यांना नळ जोडून घेणे आपले काम. विशेषतः कंत्राटी बायकांसाठी. साफसफाईच्या कामावर येणाऱ्या बाईला दिवसभराच्या घाणीनंतर आडोसा मिळत नाही, म्हणून ती तशीच घरी येते, तशीच चुलीपुढे बसते, आणि घरातली सगळी निजल्यावर मोरीत तिची आंघोळ होते. वैद्यांचा श्रम, स्नान, भोजन हा क्रम तिच्या बाबतीत श्रम, श्रम, भोजन आणि मग स्नान असा झालेला आहे.

आणि सगळ्यांच्या मुळाशी पाणी. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. अभियंत्यांच्या पुस्तकांत त्याची फोड दिलेली असते: पिण्यास ५, स्वयंपाकास ५, आंघोळीस ५५, कपड्यांस २०, भांड्यांस १०, घर धुण्यास १० आणि शौचकूपास ३०. आता खेडेगावाचे माप घ्या. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेत ग्रामीण माणसाला दिवसाचे ५५ लिटर धरले आहेत. म्हणजे शहरातल्या माणसाची जेवढी आंघोळ, तेवढा खेड्यातल्या माणसाचा सगळा दिवस. आपले शेलू ह्या दोन मापांच्या शिवेवर उभे आहे. कारभार ग्रामपंचायतीचा, आणि स्टेशनाभोवती उठलेल्या इमारतींत राहणारी माणसे मुंबईच्या घड्याळावर जगणारी. घर घेताना त्यांना संडास-न्हाणी वेगवेगळी दाखवली. पाणी चैत्र-वैशाखात टँकरचे. गावाजवळून उल्हास नदी वाहते. भिवपुरीला टाटांचे वीजघर १९२२ पासून आहे. वीज करून सुटलेले पाणी ह्याच उल्हासला मिळते आणि खालच्या शहरांचे नळ त्यावर चालतात. आणि आपल्याच तालुक्यातल्या ठाकर-कातकरी वाड्यांतल्या बाया मे महिन्यात झऱ्याच्या काठी वाटी घेऊन बसतात. त्यांच्यापुढे रोजच्या स्नानाचे माहात्म्य गाण्याची माझी छाती नाही.

तरीही, आहे त्या पाण्यात काय करता येईल, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. कमी पाण्यात चांगली आंघोळ होण्याची युक्ती त्या जुन्या क्रमातच आहे. यंत्रावर काम करणाऱ्यांच्या हाताला काळे वंगण लागते. ते काढायला आमची पोरे रॉकेल वापरतात, धुण्याची पावडर आणि लाकडाचा भुसा चोळतात, आणि वर्षभरात हातांना भेगा पडतात. वंगण पाण्याला दाद देत नाही. ते तेलात सुटते. म्हणून कोरड्या हातालाच आधी थोडे खोबरेल चोळा, वंगण ओघळू लागले की वर डाळीचे पीठ चोळून ते टिपून घ्या, आणि मग पाणी व थोडा साबण. अभ्यंग, उद्वर्तन, स्नान. पाणी निम्मे लागते आणि कातडी शाबूत राहते. साबण क्षारी असतो, कातडी किंचित आम्लधर्मी. दिवसातून चार वेळा साबण लावणे म्हणजे तिचे तेल उधळून देणे. मात्र आम्ल, क्षार किंवा दुसरे रसायन अंगावर उडाले असेल तर तेल-पीठ काही नाही. कपडे काढून निदान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली उभे राहायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे.

पहाटेच्या लोकलवाल्या गृहस्थांनी सकाळचे दोन तांबे खुशाल घ्यावेत, त्याने झापड जाते. त्यांची खरी आंघोळ मात्र रात्री घरी परतल्यावर आणि जेवणापूर्वी आहे. दोन तासांचा गर्दीचा प्रवास हा व्यायामच, तोही अर्ध्या शक्तीचा नव्हे. ज्यांना सकाळी आंघोळीवाचून देवापुढे उभे राहवत नाही त्यांनी दोन्ही वेळा थोड्या पाण्यात भागवावे. तापात, जुलाबात हट्टाने आंघोळ करू नये. ओल्या फडक्याने अंग पुसले तरी पारोसेपण संपले असे खुशाल समजावे. म्हाताऱ्या माणसांनी कढत पाण्याची बादली टाळावी आणि न्हाणीची कडी आतून लावू नये.

राहिला आपला रात्रपाळीचा मुलगा. त्याने घरी आल्यावर घडीभर बसावे, घाम मुरू द्यावा, मग कोमट पाण्याने, डोके सोडून, एक बादलीभर आंघोळ करावी. त्यानंतर हलके खावे. भाकरी, वरण, ताक चालेल, वडापाव नको. चरकाने तळपायाला तेल चोळण्याचे फार गुण गायले आहेत, पायांचा ताठरपणा आणि बधिरपणा जातो म्हणून. दिवसभर, किंवा त्याच्या बाबतीत रात्रभर, उभे राहणाऱ्याला ते पटकन पटेल. तेल चोळावे, खिडकीला जाड पडदा लावावा आणि निजावे. दुपारी तीनपर्यंत त्याच्या दारावर कोणी थाप मारू नये, मग दारात वर्गणी मागणारे आम्ही का असेनात.